वसंतकाकांनी विकले, बाबांनी घेतले

कारखान्याचा भोंगा बंद झाला, तरी त्यानंतर कितीतरी महिने आई भाताचं पातेलं त्याच वेळेला उतरवायची. आमची चाळ खोपोलीत डोंगराच्या अंगाला होती. मागच्या दारातून वीजघराकडे उतरणारे जाडजूड पाइप दिसायचे आणि पुढच्या दारातून कारखान्याची चिमणी. चिमणीचा धूर थांबल्यावर आईचे दोरीवरचे कपडे पहिल्यांदाच पांढरे राहू लागले, पण त्याचं कौतुक करायची कुणाची हिंमत नव्हती. भोंग्याच्या जागी आजवर कानावर न आलेले आवाज घरात शिरले. घाट उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक, शेजारच्या म्हातारीचा खोकला आणि दिवसभर बाबांच्या पान्यांचा खडखडाट. बाबा फिटर होते. हाताला काम नसलं की त्यांना बसवत नसे. आमचा स्टोव्ह, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी, चाळीचा नळ, सगळं त्यांनी खोलून पुन्हा जोडलं. नंतर खोलायला काही उरलं नाही, तेव्हा ते दारात बसून चिमणीकडे बघू लागले.

स्वेच्छानिवृत्तीचे पैसे बँकेत मुदत ठेवीत होते. त्यातून माझं शिक्षण व्हायचं होतं आणि जमलं तर चाळ सोडून स्वतःचं छोटं घर. आई त्या पैशाबद्दल बोलताना आवाज खाली आणायची, जणू शेजारी नव्हे, पैसाच ऐकेल आणि निघून जाईल. तिनं कारखान्याच्या पोरांसाठी चालवलेले डबे आता कमी झाले होते, तरी सुकटीचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी रोज थोड्या जास्तच व्हायच्या. कारण वसंतकाका यायचे.

वसंत पाटील कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते. बाबा आणि ते एकाच वर्षी कामाला लागले, एकाच दिवशी सुटले आणि मधली सगळी वर्षं एकाच डब्यातून जेवले. काकांनी एका बौद्धाच्या घरचं रोज जेवणं त्यांच्या गावात, पळसदरीला, सुरुवातीला काहींना रुचलं नव्हतं. काकांनी त्यावर कधी वादही घातला नाही, फक्त जेवत राहिले. कारखाना गेल्यावरही सकाळच्या खोपोलीच्या गाडीनं ते यायचे. पांढरा फुल शर्ट, काखेत वर्तमानपत्र, पिशवीत धरणाच्या कडेच्या वाडीतली भाजी नाहीतर करवंदं. आल्यावर आधी आईला हाक, "वहिनी, च्या टाका वो," मग मला, "काय गं बाय, अभ्यास चाललाय ना?" आणि मग बुद्धाच्या तसबिरीखालच्या टीव्हीसमोर बैठक.

टीव्हीवर हिंदीत बाजाराच्या बातम्या देणारं एक चॅनल लागायचं. खालच्या पट्टीत शेअरचे भाव धावायचे, हिरवे आणि लाल. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, पण शेअर बाजार मला कॉलेजात कुणी शिकवला नाही, काकांनी शिकवला. म्हणजे शिकवत होते बाबांना, मी भाजी निवडता निवडता ऐकत असे. काका म्हणायचे, "रघू, पोलादाचा, सिमेंटचा कारखाना तुला मला कळणार नाय. कारखाना कसा बसतो ते आपण बघितलंय. पण बँक कळंल. बँक म्हंजे काय, गावातला उसनवारी देणारा माणूस. तो कुणाला देतो, किती परत येतं, एवढं बघायचं. गावातली दुकानं चालू हायत तोवर ह्या बँका बुडणार नायत. ह्या पडतील, पण बुडणार नायत." काका एक सरकारी बँक आणि एक खासगी बँक, अशा दोनच नावांवर नजर ठेवून होते. त्यांचे वार्षिक अहवाल ते कुठूनतरी मिळवायचे आणि लग्नाच्या पत्रिकेसारखे नीट घडी करून आणायचे.

बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पुन्हा काम करणाऱ्या माणसाचं तेज आलं. पट्टीकडे बघताना ते पुढे झुकून बसायचे, यंत्राचा आवाज ऐकताना बसायचे तसे. आईला ते आवडायचंही आणि तिला त्याची भीतीही वाटायची.

काकांकडे पैसा होता तो जमिनीचा. तेव्हा आमच्या तालुक्यांत जमिनी विकल्या जात होत्या. कळंबकडे, पळसदरीकडे, मुंबईची माणसं गाड्या घेऊन यायची, बांधावर उभी राहून डोंगर बघायची आणि जायची. महिन्याभरात तिथं तारेचं कुंपण पडायचं. काकांनीही धरणाच्या बाजूचा आपला तुकडा एका मुंबईकराला बंगल्यासाठी दिला होता. त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा माझ्याच वयाची. तिच्या लग्नासाठी तो पैसा होता. शालूकाकी, म्हणजे काकांची बायको, जमीन गेली म्हणून महिनाभर त्या बाजूच्या पाणवठ्यावर गेली नाही, पण पोरीचं लग्न होईल म्हणून तिनं ते गिळलं.

बाजार पहिल्यांदा जोरात पडला तेव्हा काका खूश झाले. खरंच खूश. पिशवी कोपऱ्यात टाकून ते म्हणाले, "रघू, दुकान अर्ध्या भावात लागलंय. चल."

बाबा उठलेही होते. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "आनखी पडलं तर?"

"आणखी पडलं तर आणखी घ्यायचं, वहिनी. चांगली चीज स्वस्त झाली तर घाबरायचं कशापायी?"

"पडत्या भिताडाखाली उभं ऱ्हाऊन इटा येचायच्या नसतात, भाऊ," आई म्हणाली. "भित पडूंद्या आधी. धुरळा बसूंद्या. मग येचा."

काका हसले. बाबाही हसले, पण बसले. काका एकटेच बाजारपेठेत गेले. औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर शेअरचं ऑफिस होतं. तिथं एक बाई दोन फोन घेऊन बसायच्या. लोक सांगतील ते त्या मुंबईला कळवायच्या. काकांनी बाबांचंही खातं तिथं आधीच उघडून ठेवलं होतं. काकांनी त्या दिवशी दोन्ही बँकांचे शेअर घेतले. पुढे आणखी पडले, तेव्हा आणखी घेतले. उन्हाळ्यात थोडे वर आले, तेव्हा काका बाबांना म्हणाले, "बघ, तू धुरळा बसायची वाट बघत ऱ्हायलास." पावसाळ्यात पुन्हा पडले तेव्हा उरलेलं सगळं घातलं. आमच्या घरात तेव्हा रोज एकच प्रश्न होता, आता की अजून नाही. सकाळी चहाबरोबर तो निघायचा आणि काका संध्याकाळच्या गाडीला जाईपर्यंत पुरायचा. बाबा रोज 'आता' म्हणायच्या बेतात असायचे आणि आई रोज काही न बोलता त्यांच्यापुढे भाकरी ठेवायची.

मी आता एका पतसंस्थेत काम करते. लोक येऊन विचारतात, मॅडम, आता घ्यावं का थांबावं? त्यांना वाटतं मला काही गुपित ठाऊक आहे. मला एवढंच ठाऊक आहे की वसंतकाकांचं काय घ्यायचं ते शंभर टक्के बरोबर होतं आणि केव्हा घ्यायचं ते चुकलं. आणि हेही की ज्याच्या घरी लग्न ठरलेलं नाही त्यालाच वाट बघता येते.

नवरात्राच्या आधी अमेरिकेतली एक जुनी, मोठी बँक बुडाली. तिचं नाव आमच्यापैकी कुणीही कधी ऐकलेलं नव्हतं. टीव्हीवर काचेच्या उंच इमारतीतून माणसं खोकी घेऊन बाहेर पडताना दाखवत होते. आई हातातलं पीठ तसंच ठेवून ते बघत राहिली आणि म्हणाली, "आपल्या कारखान्यातून आपली मानसं अशीच भायर आली होती. फक्त खोकी नव्हती." त्यानंतर पट्टीवर हिरवा रंग दिसेनासा झाला. आपल्याकडच्याही बँका बुडणार अशा अफवा उठल्या. बाजारपेठेत लोक एटीएमपुढे रांगा लावून पैसे काढत होते. आईनंही बाबांना मुदत ठेव मोडून आणायला सांगितलं. बाबा गेले नाहीत. वसंतकाकांचंच वाक्य त्यांनी तिला ऐकवलं, ह्या पडतील, पण बुडणार नाहीत. काका मात्र ते वाक्य आता स्वतः म्हणत नव्हते. येत होते, टीव्हीसमोर बसत होते, आणि चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी कप उचलत नव्हते. एकदा बाबांनी टीव्ही बंद केला तर म्हणाले, "ऱ्हाऊं दे रं. बंद केला म्हणून पडायचं थांबतंय होय?"

मनीषाचं लग्न पनवेलच्या एका मुलाशी ठरलं ते दिवाळीनंतर. मुलगा चांगला, घर चांगलं. सोनं घालायचं ठरलं, आणि नेमकं सोनं चढत होतं. शेअर पडत होते आणि सोनं चढत होतं, काका त्या दोघांच्या मध्ये सापडले होते.

पोपटीची ती संध्याकाळ मी विसरू शकत नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की दरवर्षी आमची दोन्ही घरं पळसदरीला काकांच्या वाडीत जमायची. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडीचे तुकडे, वरून पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढ्याचा जाळ. पाला तापला की जो उग्र वास सुटतो तो माझ्या लहानपणाचा वास आहे. अजूनही कुठल्या रिसॉर्टच्या फलकावर 'पोपटी मिळेल' असं वाचलं की मला ती वाडी आठवते, आणि मी आत जात नाही. मनीषा आणि मी शेंगा सोलत बसलो होतो. ती मला हळू आवाजात साड्यांचे रंग सांगत होती. घाटात कुठलीशी मेल चढत होती, तिची शिटी डोंगरावर आपटून परत येत होती. आईनं शालूकाकीला सहज विचारलं, लग्नाची तयारी कुठवर आली?

काकी जाळाच्या उजेडात हसली. "तयारी करायची हाय अजून. पर काळजी नाय. जमिनीचं सगळं पैसं बँकेत हायत. यांनी एक रुपया खर्चला नाय. मी इचारलं तवा म्हनाले, शालू, सगळं बँकेत घातलंय."

काका काठीनं जाळ सारत होते. ते खोटं बोलले नव्हते. सगळं बँकेतच होतं. बाबांनी आईकडे बघितलं, आईनं शेंगांकडे. मला त्या क्षणी कळलं की त्या जाळाभोवती बसलेल्यांत फक्त दोघींना, काकीला आणि मनीषाला, काही ठाऊक नाही. मनीषा माझ्या कानाशी अजून डाळिंबी रंगाबद्दल बोलत होती. मडकं उघडलं, सगळे जेवले, काकीनं आग्रह करकरून बाबांना वाढलं. परतीच्या गाडीत आई एवढंच म्हणाली, "काय करून बसला हो ह्यो मानूस." बाबा खिडकीतून बाहेर बघत होते.

शिमग्याच्या तोंडावर काका एका सकाळी आले ते टीव्हीसमोर बसलेच नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "रघू, आज विकतो. सोनाराला द्यायचेत. मांडववाल्याला द्यायचेत. आता थांबता येणार नाय."

बाबांनी त्यांना हात धरून बसवलं. मग बाबा जे बोलले ते त्यांनी आधी आईशी बोलून ठेवलं असणार, कारण आई दारात येऊन उभी राहिली आणि तिनं मान हलवली. बाबा म्हणाले, "वसंता, माझी ठेव हाय ना. ती मोडू. लगीन करून टाक. तुजे शेअर ऱ्हाऊं दे. तूच म्हनतोस ना, वर येतील?"

"येतील," काका म्हणाले. "आज नाय, पण येतील. त्यात मला शंका नाय."

"मग?"

काका दाराकडे वळून बघू लागले. बाहेर पोरं होळीसाठी लाकडं गोळा करत ओरडत होती. "माझ्या पोरीच्या मांडवाला तुझ्या पोरीच्या घराचं लाकूड लावू?" ते म्हणाले. "आणि नाय आले वर, तर? मी चुकलो म्हणून दोन घरं बसवू का? नाय रं. ते नको." मग त्यांचा आवाज अचानक बदलला. पूर्वीचा, शिकवणारा आवाज. "पण ठेव मोड. आजच मोड. आणि घे. माझ्यासारखी मानसं, जी शेवटपर्यंत धरून बसली होती, ती विकायला लागली की समजायचं तळ आला. मी वरसभर तुला सांगत होतो तवा माझी घाई होती. आज घाई नाय. आज खरी येळ हाय. वहिनी, तुमचा धुरळा बसला."

आईनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

मी बाबांबरोबर गेले. ठेवीच्या कागदांवर माझीही सही लागायची. बँकेतून आम्ही औषधांच्या दुकानावरच्या त्या ऑफिसात चढलो तेव्हा काका आधीच तिथं बाकावर बसलेले होते. फोनवाल्या बाईंनी विचारलं, "काका, सगळे?" काका म्हणाले, "सगळे." बाईंनी दोन्ही बँकांची नावं फोनवर सांगितली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "झालं." एवढंच. शेत विकताना चार माणसं जमतात, मोजणी होते, कुणीतरी रडतं. इथं एका शब्दात सगळं संपलं. काका उठले, बाबांना पुढे केलं आणि बाईंना म्हणाले, "आता यांच्या नावानं घ्या. हेच दोन."

बाबा हलेनात. "वसंता, तुझेच मी घ्यायचे?"

"माझेच कशाला येतील? बाजारात तोंडं दिसत नायत, रघू. माझे गुजरातेत कुणी घेतले असतील. तुला मद्रासच्या कुणाचे मिळतील. तू नाय घेतलेस तर दुसरा घेईल. बोल पटकन, बाई खोळंबल्यात."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग बाबांनी मान हलवली आणि बाईंनी तीच दोन नावं, त्याच आवाजात, पुन्हा फोनवर सांगितली. खाली उतरल्यावर काकांनी हट्टानं आम्हाला रसवंतीत नेलं आणि उसाचा रस पाजला. रस पिताना ते बाबांना समजावत होते, आता रोज भाव बघू नको, कुणी सांगितलं तरी विकू नको, निदान पाच-सात वर्षं हात लावू नको. स्वतःचा पेला त्यांनी तसाच ठेवला होता.

लग्न वैशाखात झालं. पळसदरीच्या अंगणातच मांडव पडला. घातलेलं सोनं ठरल्यापेक्षा कमी नव्हतं, पण शालूकाकीच्या गळ्यात फक्त काळी पोत होती. तिचा जुना हार आणि पाटल्या मोडून मनीषाच्या अंगावर गेल्या होत्या. ती पंगतीत वाढत होती, सगळ्यांशी बोलत होती, फक्त काकांच्या बाजूला बघत नव्हती. मनीषा जाताना बापाच्या गळ्यात पडून रडली. लोक म्हणाले, सगळ्याच पोरी रडतात.

मग निवडणुकीचा निकाल लागला आणि सोमवारी सकाळी बाजार उघडला तो असा उसळला की काही मिनिटांत बंद करावा लागला. पट्टी सगळी हिरवी झाली. बातम्या देणारे हसत होते, टाळ्या वाजवत होते. आमच्या चाळीतले एकदोघे धावत आले, "रघूदादा, तुमचे तर सुटलेच!" बाबांनी उठून टीव्ही बंद केला. ते दाराशी जाऊन उभे राहिले. खोपोलीच्या गाडीची वेळ झाली, गाडी येऊन गेली, तिकडून माणसं आपापल्या घरी गेली. काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. आईनं भाकरी जास्तीच्या केल्या होत्या त्या संध्याकाळी आम्हीच खाल्ल्या.

आठवड्यानं बाबा आणि मी पळसदरीला गेलो. काकांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, चहा आला, ते पावसाबद्दल बोलले, धरण किती आटलंय त्याबद्दल बोलले, मनीषाच्या सासरबद्दल बोलले. बाजाराचा शब्द नाही. बाबांनी विचारलं, "येत नायस आताशा?" काका म्हणाले, "येतो की. जरा कामं निघाली." काकी आतच होती. निघताना तिनं उंबऱ्याशी येऊन मला कुंकवाची पुडी आणि दोन आंबे दिले, बाबांकडे बघितलंही नाही. बाबांना वाटलं, आपण गेलो की त्याच्या जखमेवरची खपली निघते. बाबांनी जाणं थांबवलं. काकांना काय वाटलं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनीही येणं थांबवलं. एवढी वर्षं एका डब्यात जेवलेली दोन माणसं अशी सुटली, भांडण न होता. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

पुढच्या वर्षी कुणीतरी सांगितलं की वसंतकाका बंगल्यावर राखणदार म्हणून लागले. कुठल्या बंगल्यावर हे सांगायची गरज नव्हती. त्यांच्याच जमिनीवर तो उभा होता. शनिवारी मुंबईची गाडी आली की काका फाटक उघडायचे, पाण्याची मोटर लावायचे, सोमवारी झाडांना पाणी घालायचे. बाबांनी ते ऐकलं आणि जेवता जेवता ताटावरून उठले.

शेअर वाढत गेले. बाबांनी ते विकले नाहीत. आई म्हणायची, विका आणि घर बघा, चाळीचं छप्पर गळतंय. बाबा म्हणायचे, "वसंतानं सांगितलंय, हात लावायचा नाय." आईला वाटायचं हा हट्ट आहे. मला आता वाटतं, विकले असते तर तो नफा त्यांचा झाला असता, आणि तो आपला म्हणायला त्यांचा जीव धजत नव्हता. छपरावर निळं प्लास्टिक टाकून आम्ही पावसाळे काढले. मी शिकवण्या घेऊन एम.कॉम. केलं. माझं लग्न रजिस्टर झालं. पत्रिका घेऊन बाबा स्वतः पळसदरीला निघाले होते, स्टेशनवरून परत आले आणि ती पोस्टानं पाठवली. लग्नाला शालूकाकी आली, काका आले नाहीत. बंगल्यावर पाहुणे होते, ती म्हणाली.

त्यानंतर काही वर्षांनी, भादव्यात, काका गेले. सकाळी मोटर लावायला गेले आणि तिथंच खाली बसले. मनीषाचा फोन मला आला. मी बाबांना घेऊन गेले तोवर सगळं आटोपलं होतं. ओट्यावर माणसं होती, बाबा त्यांच्यातून वाट काढत आत गेले आणि काकीसमोर जमिनीवर बसले. काकीच पहिल्यांदा बोलली.

"रघूभाऊ, इकले नाईत ना तुमी?"

बाबांना कळेना ती काय विचारतेय.

"शेअर वो. ते रोज इचारायचे. म्हंजे मला नाय, सोताशीच. बंगल्यावर पेपर येतो, त्यातला भाव बघायचे आनि घरी येऊन सांगायचे, शालू, आज रघूचं एवढं झालं आसंल. सनावाराला गोड सांगावं तसं सांगायचे. मला राग यायचा सुरुवातीला. मी म्हनायची, आपलं गेलं आनि दुसऱ्याचं काय मोजताय? तर म्हनायचे, आपलं गेलं ते माज्यामुळं. रघूचं ऱ्हायलं ते पन माज्यामुळंच हाय. तेवढं तरी मोजूंद्या."

बाबांनी हात जमिनीवर टेकला. "मग आला का नाय तो?" ते कसेबसे म्हणाले. "माज्यावर राग हुता?"

"राग कसला? लाज हुती. त्यांना वाटायचं, तुमी याल. आल्यावर म्हनाल, चल रं वसंता, च्या प्यायला. फाटकावर गाडी वाजली की ते आधी रस्त्याकडं बघायचे, मंग गाडीकडं." काकी थांबली. तिनं डोळे पुसले नाहीत. "तुमी दोगं बी वाट बघत ऱ्हायलात, भाऊ."

बाबा तेव्हा रडले. माझ्या आजोबांच्या वेळी ते रडले नव्हते, कारखाना गेला तेव्हा रडले नव्हते. लोक ओट्यावरून आत डोकावून बघू लागले, मनीषानं पुढचं दार लोटून घेतलं.

काकांचे दिवस झाल्यावर बाबांनी सगळे शेअर विकले. निम्मे पैसे घेऊन ते आणि आई पळसदरीला गेले. मला वाटलं होतं काकी नाकारेल. तिनं नाकारलं नाही. पैसे घेऊन कपाटात ठेवले आणि म्हणाली, "ठेवते. मानूस काय येत नाय परत. पर तुमी दिलं नसतं तर तुमाला झोप आली नसती." त्या पैशातून तिनं घर नीट केलं आणि पुढच्या खोलीत शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी जेवण सुरू केलं. अजून करते. उरलेल्या निम्म्यातून आमचं घर झालं, दोन खोल्या आणि पक्कं छप्पर. पाऊस पडला की बाबा अंथरुणावर उठून बसायचे आणि वर बघायचे. छप्पर कुठंच गळत नव्हतं. तरी बसून राहायचे. आई म्हणायची, झोपा आता. ते म्हणायचे, झोपतो.